नावातले गाव

१६६४ सालच्या जानेवारीत सुरत लुटली गेली तेव्हा शिवछत्रपतींनी एका फिरंगी संन्याशाच्या मठाला हात लावू दिला नाही, ही हकिकत व्याख्यानांतून आपण आवडीने ऐकतो. ती नोंदवली बर्निये या फ्रेंच वैद्याने आपल्या प्रवासवृत्तात. महाराजांचे औदार्य आपल्या ध्यानात राहिले. पण तो संन्यासी, कापुचिन पंथाचा पाद्री आंब्रोझ, मूळचा कोठला?

उत्तर त्याच्या नावातच आहे. दीक्षा घेताना घरचे नाव व आडनाव टाकून नवे नाव घ्यावे आणि पुढे जन्मगाव लावावे, अशी कापुचिनांची रीत. हा आंब्रोझ प्रुयीचा. त्याच काळी मद्रासेत असलेला एफ्रें नव्हेरचा. लोटलीकर आणि कुडतरकर ज्यांच्या शेजारी राहतात, त्या गोमंतकीयाला हे नवल वाटू नये.

परंतु फ्रान्सात प्रुयी एकच नाही. सुरतेचे मिशन तूरेन प्रांताच्या कापुचिनांकडे होते. तेव्हा त्या प्रांतातले, क्लेज नदीकाठचे प्रुयी हेच अधिक संभवते. खात्रीसाठी बाप्तिस्म्याची वही पाहावी, तर तीत आंब्रोझ सापडणारच नाही. तेथे असेल ते आईबापांनी ठेवलेले नाव. दोन्ही नावे जोडणारा दुवा पंथाच्या दीक्षावहीतच मिळायचा. अशा शोधाची नुसती आशा तरी धरता येते, कारण १५३९ च्या राजाज्ञेने तेथील चर्चांना बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवणे भाग पडले आणि १७९६ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरखाने उभे राहिले.

आणि आपण? केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला. त्यांच्यामागून घराणीही पांगली. मूळ गाव आडनावात उरले, पण कोणत्या वाड्यातून, कोणत्या पिढीत कोण निघाले, हे सांगणारे कागद कोठे आहेत? पणजीचा दप्तरखाना १५९५ चा. तेथील पोर्तुगीज कागद सांभाळले गेले, हे मान्य केलेच पाहिजे. आमचे मोडी कागद मात्र देवळांच्या पेट्यांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर वाळवीच्या स्वाधीन आहेत. घर पाडताना ते रद्दीत जातात. मोडी वाचणारा घरात नसला की ते कशाचे आहेत हेही कोणी विचारीत नाही.

सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. प्रत्येक देवस्थानने पावसाळ्यापूर्वी आपल्या पेट्या उघडाव्यात, वह्या उन्हात घालाव्यात आणि त्यांची नुसती यादी करून दप्तरखान्याकडे पाठवावी. वाचन पुढे होईल.