मत दिले, पण ते आपले मत होते का?



मराठीत 'मत' हा शब्द दोन अर्थांनी येतो. विचारपूर्वक बनलेली आपली धारणा म्हणजे मत. निवडणुकीत आपण देतो तेही मतच. या दोन अर्थांची फारकत झाली, तर मतदानाचे नैतिक मूल्य उरते का? अमेरिकेतील 'खुल्या' प्राथमिक निवडणुकांनी हा प्रश्न उभा केला आहे.

तेथे मुख्य निवडणुकीपूर्वी पक्षांचे उमेदवार बहुतांशी मतदारच निवडतात. काही राज्यांत हा अधिकार त्या पक्षाकडे नोंद असलेल्यांपुरता असतो. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिसिसिपी अशा राज्यांत मात्र मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत भाग घेऊ शकतो. स्वतःचा पक्ष सोडून दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत दिलेल्या मताला 'क्रॉसओव्हर' मत म्हणतात. आपल्या वृत्तपत्रांत गाजणारे आमदारांचे 'क्रॉस व्होटिंग' ते हे नव्हे. तेथे पक्षाचा प्रतिनिधी पक्षाची साथ सोडतो. येथे सामान्य मतदार कायद्याने दिलेली मुभा वापरतो.

दोन उदाहरणे पाहा. २००८ साली रश लिंबॉ या रेडिओ निवेदकाने 'ऑपरेशन केऑस' ही मोहीम चालवली. रिपब्लिकन श्रोत्यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना मते द्यावीत, असे त्याचे आवाहन होते. क्लिंटन अध्यक्ष व्हाव्यात, अशी त्याची इच्छा नव्हती. ओबामा आणि क्लिंटन यांची झुंज लांबावी व त्यांचा पक्ष खिळखिळा व्हावा, एवढाच हेतू होता.

२०१४ साली मिसिसिपीत रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी ख्रिस मॅकडॅनियल यांच्या किंचित मागे पडले. २४ जूनच्या दुसऱ्या फेरीत एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे अनेक कृष्णवर्णीय मतदार कॉक्रन यांच्यासाठी उतरले आणि ते थोडक्या फरकाने विजयी झाले. रिपब्लिकन वर्चस्वाच्या त्या राज्यात सिनेटर कोण, हे बहुधा याच फेरीत ठरणार होते.

दोन्ही कृतींना नाव एकच आहे; पण माझ्या मते पहिली अनुचित आणि दुसरी उचित आहे. कॉक्रन यांचे मतदार दोन संभाव्य प्रतिनिधींपैकी आपल्याला बरा वाटणारा निवडत होते. ते त्यांचे खरे मत होते. लिंबॉचे आवाहन मात्र मनात नसलेले मतपत्रिकेवर उमटवण्याचे होते. पंगतीला आलेल्याने जेवावे. वरणात खडे टाकू नयेत.

यावर एक सबळ आक्षेप आहे: पक्षाचा उमेदवार पक्षाच्याच लोकांनी ठरवावा. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाची, प्रत्येक पदासाठी हव्या त्या पक्षाचा उमेदवार निवडू देणारी पद्धत याच तत्त्वावर रद्द केली. मिसिसिपीचा कायदाही प्राथमिक मतदाराकडून विजयी उमेदवाराला पुढे पाठिंबा देण्याच्या हेतूची अपेक्षा करतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु जेथे खरा निर्णय एकाच पक्षाच्या दारात होतो, तेथे इतरांना बाहेर ठेवणे म्हणजे त्यांना प्रतिनिधी निवडण्याच्या प्रक्रियेतूनच वगळणे होय. पक्षाच्या हक्काहून ही हानी मला मोठी वाटते.

मतदान गुप्त असल्यामुळे मतदाराचा हेतू कायद्याला तपासता येत नाही. तो मतदारानेच तपासावा लागतो. त्यासाठी एक प्रश्न पुरेसा आहे: 'मी मत देत असलेला उमेदवार खरोखर निवडून आला, तर त्याचा कारभार मला पत्करेल का?' उत्तर 'नाही' असेल, तर ते मतदान कायदेशीर असूनही असत्य कथन आहे. शिवाय दुबळा म्हणून पुढे ढकललेला उमेदवार कधी निवडूनही येतो. मग त्याचा कारभार सर्वांनाच सोसावा लागतो. विनोद म्हणून मत देणाऱ्यालाही.