अणुबॉम्ब : लागण झाल्यावर इलाज नाही



२०२५च्या मे महिन्यात सीमेवर संघर्ष पेटला होता. बीपी तपासायला आलेले एक काका म्हणाले, "डॉक्टर, टाकून द्यावा एकदाचा अणुबॉम्ब. रोजची कटकट तरी मिटेल." बाकावरच्या चारजणांनी माना डोलावल्या. देशाच्या रक्षणाबद्दल दुमत नाही. पण डॉक्टर म्हणून मला त्या वाक्याची भीती वाटली.

६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. आजच्या मोठ्या बॉम्बपुढे तो लहानच. तरी वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे गेली. काही भाजून, काही ढिगाऱ्याखाली. आणि काही अंगावर फारशी जखम नसतानाही. त्यांना काही दिवसांनी उलट्या, जुलाब सुरू झाले, केस गळाले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. किरणोत्सर्गामुळे हाडांच्या आत नवे रक्त तयार होणेच थांबले होते. जे वाचले, त्यांच्यात पुढे रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले.

हे सगळे 'त्यांच्या'कडेच होईल, असे समजू नका. मे १९९८मध्ये आपण पोखरणला चाचण्या केल्या, पेढे वाटले. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. इथून बॉम्ब गेला तर तिथूनही येणार. आणि तिथली लेकरेही लेकरेच आहेत.

शिरूर-दौंडला कोणी गंभीर भाजले, तर आपण सलाइन लावून त्याला पुण्याला पाठवतो. बॉम्ब पुण्यावरच पडला तर कुठे पाठवायचे? हिरोशिमात सुमारे ९० टक्के डॉक्टर आणि नर्स स्वतःच मृत किंवा जखमी झाले होते. पुण्यातले जखमी नगर रस्त्याने, सोलापूर रस्त्याने आपल्याकडे येतील आणि आपल्याकडे मोजक्या खाटा असतील.

बॉम्ब जमिनीलगत फुटला, तर किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर दूर जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, म्हणजे पुण्याच्या बाजूनेच येतो. धूळ चाऱ्यावर बसते, त्यातले किरणोत्सारी आयोडीन गाईच्या दुधात उतरते आणि ते दूध पिणाऱ्या मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. १९८६च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला, तो मुख्यतः अशा दुधामुळे. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरोघरी गोठे आहेत, हे लक्षात घ्या.

रेबीजची लक्षणे दिसू लागली की आम्ही डॉक्टर हतबल असतो. म्हणून कुत्रा चावल्याबरोबर लस घ्या, असे बजावतो. अणुबॉम्बचेही तसेच आहे. तो पडू न देणे हाच उपचार. हेच सांगणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला १९८५ साली शांततेचे नोबेल मिळाले. 'आम्ही आधी वापरणार नाही' हे तर आपल्या देशाचेच जाहीर धोरण आहे.

एवढेच करा : 'टाकून द्या बॉम्ब' असा मेसेज आला, तर पुढे पाठवू नका. आणि येत्या ६ ऑगस्टला घरातल्या मुलांना हिरोशिमाची गोष्ट सांगा.

काकांना मी इतकेच विचारले, "काका, तुमचा मुलगा नोकरीला पुण्यातच आहे ना?" ते काही बोलले नाहीत. बीपी मात्र मला पुन्हा मोजावे लागले.