बासरी : वाजते कशी, बनवते कोण

एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलाला शाळेत संगीताच्या तासासाठी बासरी आणायला सांगितली. दादाजान म्हणतात, आपल्या घरात हे चालायचे नाही. अब्बा म्हणतात, शाळेचा अभ्यास आहे. आणि मुलगा दोघांच्या तोंडाकडे बघतो आहे.

फतवा देणे आमचे काम नाही, तो आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. एवढे मात्र सांगू की, दादाजानांचे म्हणणे निराधार नाही. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत नाफे यांची रिवायत आहे. वाटेत पाव्याचा आवाज आला तेव्हा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी कानांत बोटे घातली आणि वाट बदलली; रसूलुल्लाह (स.) यांनीही असेच केले होते, असे ते म्हणाले. संगीत मना करणारे उलेमा ही हदीस पुढे ठेवतात. दुसरे म्हणतात, बरोबरच्या नाफेंना कान झाकायला सांगितले नाही, वाजवणाऱ्यालाही रोखले नाही. खुद्द इमाम अबू दाऊद यांनी या रिवायतीला ‘मुन्कर’ म्हटले आहे. मतभेद जुना आहे. त्यावरून घरात आवाज चढवू नये.

पण बासरी म्हणजे ‘त्यांची’ वस्तू, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला पटत नाही. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे बासरीचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तिथले बहुतेक कारागीर मुसलमान आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. बांबू येतो आसामातून, कारण पातळ सालीचा, पेरे लांब असलेला बांबू तिकडे होतो. तो मापाने कापायचा, वाकडा असेल तर शेकून सरळ करायचा, मग तापलेल्या लोखंडी सळईने भोके पाडायची. ड्रिलने बांबू चिरण्याची भीती असते. भोकाची जागा जरा सरकली की सूर बेसूर, आणि ती नळी चुलीत. घरातल्या बायकाही या कामाला हात लावतात. 2018 मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत पिलीभीतच्या नावापुढे बासरीच लागली. जन्माष्टमीला देशभर विकल्या जाणाऱ्या कितीतरी बासऱ्या या घरांतून निघतात. यावर वेगळे काही बोलायची गरज आम्हाला वाटत नाही.

आता ती वाजते कशी? फुंकर नळीत भरायची नसते. ती भोकाच्या पलीकडच्या काठावर आपटते, क्षणात आत, क्षणात बाहेर अशी हेलकावते आणि नळीतली हवा थरथरू लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून पाहा, तीच गोष्ट. हवेचा स्तंभ लांब तितका स्वर खाली. बोटे उचलली की स्तंभ आखूड होतो, स्वर चढतो. सहा भोकांच्या बासरीत तोंडाजवळची तीन बंद केली की ‘सा’, सहाही बंद केली की खालचा ‘प’. अर्धे भोक झाकून कोमल स्वर निघतात, फुंकर जोरात मारली की वरचे सप्तक. पन्नालाल घोष यांनी मोठी बासरी रागदारीच्या मैफलीत आणली. त्याआधी ती बहुतेक लोकगीतांच्या साथीलाच असे.

घ्यायचीच ठरली तर मुलाची बोटे पोचतील एवढीच घ्या. जत्रेतली, शिट्टीसारखी तोंडात धरायची बासरी पहिल्या दिवशी वाजते; आडवी बासरी आठवडाभर नुसती फुसफुसते, तेव्हा मुलाला हसू नका. उन्हात ठेवू नका, तडकते. आतून अधूनमधून मोहरीचे तेल लावा. वर्गात एकच बासरी दहा तोंडांना लावू देऊ नका.

दादाजान राजी नसतील, तर वर्गशिक्षकांना सरळ भेटा. आम्हीही शाळेतच शिकवतो. चित्रकला किंवा दुसरे काही मागितले तर बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. मुलाला मात्र त्यांच्याकडे एकटे पाठवू नका.