स्टेडियमला जामीन कोण?

मी बी.कॉम. आणि बँकेत कारकून. त्यामुळे आर्वीत कोणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्या ओट्यावर येऊन बसतो. गेल्या रविवारी क्रिकेट क्लबाचे सेक्रेटरी आले.

"भाऊ, नगरपरिषदेला अर्ज लिहून द्या. आर्वीत स्टेडियम पाहिजे. जागा फुकट, पाणी फुकट, टॅक्स माफ. व्यावसायिक संघ आणतो, तिकीट लावतो."

"आणि तिकिटाचे पैसे?"

"ते संघाचे जी!"

म्हणजे नावे आर्वी, जमा संघ! अशी खतावणी मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती.

सेक्रेटरींनी हुकमाचा पत्ता टाकला. "शेषराव वानखेडे आपल्या विदर्भाचेच ना? त्यांनी मुंबईत उभं केलंच की!"

केलं, कबूल. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटीही झाली. पण पुढचं ऐका. मोठ्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त लागतो आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. २०२३ साली राज्य सरकारने ते शुल्क कमी केलं, तेही २०११ पासून, मागच्या तारखेने! २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही त्याबद्दल सरकारला जाब विचारला. ज्या आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, तिलाही ही सवलत!

आमच्या बँकेत म्हशीसाठी कर्ज मागायला शेतकरी आला की आम्ही सातबारा मागतो, जामीनदार मागतो, म्हशीचा विमा काढतो, तिच्या कानाला बिल्ला मारतो. मागच्या तारखेने व्याज कमी झालेली म्हैस मी अजून पाहिलेली नाही. "गावाचं नाव होईल" एवढ्यावर तर आम्ही कोणाला पासबुकसुद्धा देत नाही.

माझा खेळाला विरोध नाही. धंदा करणाऱ्याला गावाने दान द्यावं, याला आहे. माझ्या गल्लीतली पोरं रस्त्यावर विटा मांडून खेळतात. मोटारसायकल आली की ओव्हर थांबते. पोरी तर गच्चीवरूनच बघतात. नगरपरिषदेचा पैसा त्यांचा आहे.

शेवटी मी अर्ज लिहिला. एक सपाट मैदान, एक नळ आणि मुलींसाठी आतून कडी लागणारा संडास मागितला. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला.

"यात स्टेडियम कुठी आहे, भाऊ?"

"त्याचा अर्ज वेगळा. तो उद्या आमच्या काउंटरवर आणा," मी म्हटलं. "दोन जामीनदार घेऊन!"