घरगुती कुलूप

आमच्या पगारदारांच्या पतपेढीत सध्या जोराचा वाद पेटला आहे. सभासदांची माहिती संगणकावर एन्क्रिप्शन करून, म्हणजे कुलूपबंद ठेवायचं ठरलं आणि चिटणीसांचा भाचा बाह्या सरसावून पुढे आला. "काका, बाहेरची लायब्ररी कशाला? मी स्वतःच कोड बनवलाय. कसा ते जगात कुणालाच ठाऊक नाही!"

कमिटीने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. लायब्ररी म्हणजे मासिकं बदलून मिळतात ती नव्हे, तर दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार भाग, हे मीही परवाच शिकलो. मी पडलो बी.कॉम.!

पण कुलूपकिल्ली मला कळते. वीस वर्षं बँकेत काढली आहेत. आमच्या तिजोरीवर कंपनीचं नाव चक्क पितळी अक्षरांत आहे. तरी ती उघडत नाही, कारण एक किल्ली मॅनेजरकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे. उलट आमच्या घरी सगळा गुप्त कारभार. कपाटाची किल्ली सौ. तांदळाच्या डब्यात ठेवते. हे गुपित मोलकरीण, शेजारच्या वहिनी आणि गॅसवाला एवढ्यांनाच ठाऊक आहे.

केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थाने १८८३ सालीच लिहून ठेवलंय की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती किल्ली. आज जगभर चालणारी एईएस पद्धत अशीच चव्हाट्यावर निवडली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ साली जाहीर आवतण दिलं. १५ पद्धती आल्या. तज्ज्ञांनी त्या मनसोक्त झोडपल्या. दोन बेल्जियन तज्ज्ञांची पद्धत टिकली आणि २००१ साली मानक ठरली. भाच्याचा कोड कुणी तपासला? भाच्याने! व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा एकच असेल, तर आमचा ऑडिटर चहालासुद्धा शिवत नाही.

"नामांकित लायब्रऱ्याही फुटतात," भाचा म्हणाला. खरं आहे. ओपनएसएसएलमध्ये दोन वर्षं दडून राहिलेलं हार्टब्लीड नावाचं भोक २०१४ साली सापडलं. पण सापडलं, जगभर बोभाटा झाला आणि बुजवलंही गेलं. त्याआधी २००६ साली डेबियनवाल्यांकडून त्याच लायब्ररीतला मजकूर फालतू समजून काढला गेला. नेमका तो किल्ल्यांचे दाते वेडेवाकडे पाडणारा! २००८ साली चूक उघडकीस येईपर्यंत एकेका मापाच्या जेमतेम ३२,७६७ किल्ल्या निघत होत्या. जाणत्यांची ही गत, तर भाच्याची काय?

म्हणून माझा आग्रह लिबसोडियमचा. मिठाच्या रासायनिक नावावरून बारसं झालेल्या लायब्ररीची ही लेक. भाच्याने अक्कल चालवावी अशा जागा तिच्यात कमी, हा तिचा मोठा गुण. नव्या आवृत्त्या निघाल्या की तेवढ्या वेळेवर घ्यायच्या.

त्या सभेला आमचे निवृत्त शिपाई मागच्या बाकावर बसले होते. उठून म्हणाले, "सायेब, माजा ठेवीचा आकडा पोरान्ला दिसनार न्हाई ना?" सभा गप्प झाली. ठराव एकमताने पास!

मग भाच्याने विचारलं, "किल्ली कुठे ठेवू?"

चिटणीस म्हणाले, "प्रोग्रॅममध्येच लिहून ठेव रे. हरवायला नको."

मी कपाळाला हात लावला. पुन्हा तांदळाचा डबाच!