फेकू दिलेच नाही, तर तपासले काय?

यंदाच्या तालुका विज्ञान प्रदर्शनांनंतर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात आठवीच्या मुलांनी कॅटापल्ट मांडला होता. ‘सभागृहात काही फेकायचे नाही’ म्हणून परीक्षकांनी एकही गोळी उडवू दिली नाही. दाराबाहेर मैदान मोकळे होते. मुलांच्या वहीत साठ फेकींच्या नोंदी होत्या; ती वही कोणी उघडली नाही. बक्षीस मिळाले ते थर्माकोलच्या रंगवलेल्या किल्ल्याला.

दोष एकट्या परीक्षकाचा नाही. एनसीईआरटीच्या निकषांत कल्पकतेला 20 टक्के, सादरीकरणाला 10, टिकाऊपणा आणि खर्चालाही 10 टक्के आहेत; मोजमापाच्या नोंदींना वेगळा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून परीक्षक विचारत नाहीत आणि परीक्षक विचारत नाहीत म्हणून आपणही मोजून घेत नाही. हे आपल्यापैकी अनेकांना लागू आहे. फेविकॉल आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर आठवडा घालवायचा आणि चाचणीला एक दुपारही द्यायची नाही, ही सवय आपलीच.

खरे विज्ञान त्या दुपारी घडते. 10 ग्रॅमची मातीची गोळी 45 अंशांत सुटून 8 मीटरवर पडली, तर सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे 9 मीटर आणि गतिज ऊर्जा 0.4 ज्यूल. आता तेच रबर तानकाट्याने ओढून बल आणि ताण यांचा आलेख काढा. त्याखालचे क्षेत्रफळ 1 ज्यूल भरले, तर उरलेले 0.6 कुठे गेले? भुजा हलवण्यात, टेकूच्या घर्षणात, रबर तापण्यात. नववीचा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा इथे मुलाच्या हातात येतो. शिवाय गोळी जमिनीपासून उंचावर सुटते, म्हणून सर्वांत लांबची फेक 45 पेक्षा थोड्या कमी कोनात मिळते. हे फळ्यावर सांगून पटत नाही, टेप धरल्यावर पटते.

आपल्या मुलांचे आजे माळ्यावर उभे राहून जोंधळा राखायचे. गोफणीची एक दोरी नेमकी कधी सोडायची, हे त्यांचा हात जाणत होता. सोयाबीन आणि हळद आली, गोफण खुंटीला गेली. ती काढा. गोफणगुंड्याऐवजी ओल्या मातीचा गोळा लावा आणि फेक मोजा; दोरीची लांबी आणि वेग यांचे नाते मुले स्वतः सांगतील. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला चार-चार किलोमीटर लांब भुजांची लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म बदल तिथे मोजायचे आहेत. त्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या उपकरणाशेजारी पाच मीटरची टेप नसावी?

गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी मैदानात चुन्याच्या रेघा मारून, दोरीचे कुंपण घालून फेकीची जागा द्यावी. आपण तोवर थांबू नये. एका वेळी एकच गोष्ट बदला: ताण, कोन किंवा भुजेची लांबी. प्रत्येक मांडणीत दहा फेकी घ्या. चुकलेल्या फेकी खोडू नका. समोर कोणी उभे राहणार नाही, एवढे कटाक्षाने पाहा. नोंदींची पाने जशी असतील तशी, मातीच्या डागांसकट, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची आठ पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.