शब्दांनाही विसावा हवा

आषाढीचा सोहळा वर्णन करू लागलेली लेखणी बहुधा टाळमृदंगाच्या गजरातच रमते. माउलींच्या पालखीतळावर सायंकाळी होणाऱ्या समाजआरतीकडे तिचे लक्ष क्वचितच जाते. तेथे सर्व दिंड्या एकत्र उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि सहस्रावधी टाळ एकाएकी थांबतात. जिची काही तक्रार असेल ती दिंडी तेवढी आपले टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो. हरवले-सापडले जाहीर केले जाते, आणि मगच आरती. दुखावलेल्याचा स्वर कोलाहलात बुडू नये अशी ही योजना आहे, आणि ती उपदेशावर नव्हे, रचनेवर उभी आहे.

आज समाजाचा मोठा मेळा मोबाईलच्या पडद्यावर भरतो. तेथे दंड उंचावणारा कोण?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, आणि त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. ज्या मंगळवेढ्यात चोखोबांनी देह ठेवला, त्या भूमीची ही लेकरे. आषाढी तेव्हा तीन आठवड्यांवर आली होती.

देशात अशा अनेक हत्या घडल्यावर, त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरता एक निर्बंध घातला : आलेला संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येणार नाही. मजकूर उसना आहे हे कळावे म्हणून त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूणही बसविली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. असा मजकूर त्यामुळे ७० टक्क्यांनी घटला, असे कंपनीनेच सांगितले. संदेशातील अक्षरे कंपनीला वाचता येत नाहीत. म्हणून निर्बंध मजकुरावर नव्हे, त्याच्या गतीवर आहे. नक्कल करून धाडणाऱ्याला तो अडवीत नाही, आणि खऱ्या वार्तेलाही थोडा खोळंबा होतो. तो सोसावा. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे येतात. त्यांत उद्वेग न उपजविणे हे सत्याच्याही आधी सांगितले आहे. हा क्रम निव्वळ छंदाच्या सोयीसाठी आला, असे मला वाटत नाही.

तैवानात २०१५ साली उबर आणि टॅक्सीचालक यांच्या वादात ‘पोलिस’ नावाची संगणकीय व्यवस्था वापरली गेली (आपल्या पोलिसांशी तिचा संबंध नाही). तीत प्रत्येकाने आपले म्हणणे थोडक्यात मांडावे, इतरांनी त्यावर सहमती वा असहमती नोंदवावी, अथवा ते सोडून द्यावे. उलट उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही! त्यामुळे शब्दाला शब्द लागत नाही, आणि विरोधी गटांचे कोणत्या गोष्टींवर एकमत आहे ते सर्वांना दिसू लागते.

तथापि आपल्या हातातील यंत्रात एक उणीव आहे. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताच्या साधनांत ‘ख्यापन’ सांगितले आहे. मनुस्मृतीत ते अनुतापासोबत येते. ख्यापन म्हणजे आपला अपराध लोकांत उघड बोलणे. खोटी वार्ता पाचांना, त्या पाचांकडून पंचविसांना पोहोचते. ती खोटी ठरल्यावर दुरुस्ती मात्र त्याच वाटेने त्याच माणसांपर्यंत जात नाही. मूळ धाडणाऱ्याने आपला संदेश पुसला, तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. ज्याच्या नावाने अफवा उठली, त्या निरपराध्याला गावात परत मान मिळण्याचा मार्ग या रचनेत नाही. पाचांची मर्यादा ज्यांना सुचली, त्यांनी आता दुरुस्तीसाठी ही परतीची वाट बांधून द्यावी. आणि तोवर, आपण धाडलेले खोटे निघाले, तर ज्या ज्या समूहांत ते धाडले त्या प्रत्येकात तसे स्वतःच्या नावाने लिहिण्याचा दंडक दिंड्यांच्या मोबाईल-समूहांनी या आषाढीपासूनच घालून घ्यावा.